लंबवर्तुळ की अंडाकृती? पेल्याच्या तोंडाचा घोळ

पेला काढायला घेतला की शिकाऊ हात त्याच्या तोंडाला हमखास अंड्याचा आकार देतो. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान, मग पुढची कड जास्त फुगीर नको का? तर्क पटतो, आकार मात्र चुकतो.

यात जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररही फसला होता. १५२५ साली छापलेल्या भूमितीच्या पुस्तकात त्यानं शंकूचा तिरका छेद अंड्यासारखा काढला, खालच्या बाजूला रुंद. खरं तर तो छेद अचूक लंबवर्तुळ असतो. पेल्याचं गणितही हेच आहे: डोळ्यापासून त्याच्या गोल कडेपर्यंत रेषा ओढल्या तर शंकू तयार होतो आणि आपला कागद त्या शंकूला छेदतो.

मग 'जवळचं मोठं' गेलं कुठे? ते मध्यबिंदूत लपलेलं असतं, आणि मला हा भाग फार सुंदर वाटतो. पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे लांबचं लहान होत जाईल असा, चौरस पृष्ठाचा एक खोका काढा. त्याच्या वरच्या पृष्ठाचे कर्ण जोडा आणि चारही कडांना टेकेल असं लंबवर्तुळ आत बसवा. कर्ण जिथे छेदतात तो वर्तुळाचा मध्य, पण लंबवर्तुळाचा मध्य त्याच्या किंचित पुढे, आपल्या बाजूला येतो. म्हणजे वर्तुळाचा जवळचा अर्धा भाग मोठाच दिसतो, तरी बाह्यरेषा दोन्हीकडे सारखी राहते.

ओळखायची खूण सोपी आहे. अंडाकृती एकाच रेषेवर दुमडली तर जुळते, लंबवर्तुळ लांब आणि आखूड अशा दोन्ही अक्षांवर जुळतं. पातळ कागदावर काढून दुमडून बघाच. चेहरा किंवा पान काढताना अंडाकृतीच हवी. चाक, बरणी, नळकांडं आलं की लंबवर्तुळ.

समजूनही हात अंडंच काढतो, कारण तो मनगटातून फिरतो. त्यानं एक टोक बोथट होतं, दुसरं निमुळतं. खांद्यातून हात फिरवा. कागदाला न टेकवता पेन्सिल दोन-तीनदा फिरवून घ्या, मग न थांबता त्याच वाटेनं दोन फेरे मारा. आधी आखूड अक्षाची रेषा ओढून ठेवली तर तिरपेपणा लगेच कळतो. उभ्या पेल्यात ती रेषा उभीच असते. चाकात ती आसाच्या दिशेनं जाते.

वरून पाहताना पेल्याचा तळ तोंडापेक्षा अधिक गोलसर दिसतो, कारण तो नजरेच्या पातळीपासून जास्त खाली असतो. दोन्ही लंबवर्तुळं सारखीच चपटी काढली तर पेला टेबलावर बसलेला वाटत नाही.