मांस की शाक: एका जुन्या वादाचं मोजमाप

बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. बाबेलच्या राजवाड्यात आणलेले ४ यहुदी तरुण राजाच्या पंक्तीतलं अन्न आणि द्राक्षारस घ्यायला नकार देतात. त्यांना सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला धास्ती वाटते, पोरं रोडावली तर आपलं डोकं उडायचं. मग दानीएल तोड सुचवतो. १० दिवस आम्हाला नुसतं शाकान्न आणि पाणी द्या आणि मग राजाचं अन्न खाणाऱ्यांशी आमची तोंडं ताडून पाहा. १० दिवसांनी हे चौघे जास्त टवटवीत आणि अंगानं भरलेले दिसतात.

आहाराच्या तुलनात्मक चाचणीची सर्वांत जुनी नोंद म्हणून ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात वारंवार येते. आज कुणी असा प्रयोग छापायला पाठवला तर तो पहिल्याच टेबलावरून परत येईल. माणसं मोजकी, मुदत १० दिवसांची, माप म्हणजे चेहऱ्यावरचं तेज आणि प्रयोग सुचवणाऱ्याला उत्तर आधीच हवं तसं माहीत. शिवाय दानीएलाचा मूळ प्रश्न आरोग्याचा नव्हताच, त्याला विटाळ टाळायचा होता. शाकाहार तब्येतीला चांगला की मांसाहार, या वादाचा पुढचा इतिहास म्हणजे बराचसा याच चार उणिवांशी चाललेली झटापट आहे. त्या कमी होत गेल्या, पण पुरती गेली अशी एकही नाही.

प्राचीन ग्रीसमध्ये मांस सोडणारे होते ते पायथागोरसच्या वाटेवरचे. इंग्रजीत शाकाहाराला पार १९व्या शतकापर्यंत 'पायथागोरसचा आहार' म्हणत. पण त्यामागचं कारण आत्म्याच्या पुनर्जन्माचं होतं, पचनाचं नव्हे. उलट वैद्य मंडळींचा कल मांसाकडे. रोमन काळात ग्लॅडिएटरांवर उपचार करणाऱ्या गॅलेननं तक्रार करून ठेवली आहे की, या लोकांना घेवड्यासारखी कडधान्यं फार खायला घालतात, त्यामुळे त्यांचं मांस घट्ट न होता फुसफुशीत होतं. हेच ग्लॅडिएटर 'जव खाणारे' म्हणून ओळखले जायचे आणि आखाड्यात मारामारीही करायचे, हे मात्र गॅलेनच्या तर्काच्या आड आलं नाही.

आरोग्यासाठी म्हणून मांस सोडण्याची ठळक उदाहरणं १८व्या शतकात दिसू लागतात. जॉर्ज चेनी हा स्कॉटिश डॉक्टर लंडनच्या खाण्यापिण्याच्या मैफलींत इतका सुटला की त्याचं वजन २०० किलोच्या घरात गेलं. दूध आणि भाजीपाल्यावर राहून तो सावरला आणि त्याच पथ्याचा प्रचारक झाला. चेनीनं मांसाबरोबर दारू आणि अतिखाणंही सोडलं होतं. गुण नेमका कशाचा, हे त्याला सांगता आलं नसतं. पुढे अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहम या धर्मोपदेशकानं कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा आणि मांसवर्ज्य आहाराचा पुकारा केला. १८३२च्या कॉलऱ्याच्या साथीत त्याच्या व्याख्यानांना गर्दी उसळली. इंग्लंडमध्ये रॅम्सगेट इथे १८४७ साली व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली आणि तो शब्द रुळला. या सगळ्यांत धर्म, नीती, दारूबंदी आणि तब्येत यांची अशी काही गुंतवळ होती की एक धागा ओढला तर दुसरा यायचाच.

विज्ञान या वादात उतरलं ते मांसाच्या बाजूनं. १८३८मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर यानं 'प्रोटीन' हा शब्द छापला. पाठोपाठ १८४२मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं सिद्धान्त मांडला की, स्नायू काम करतात ते स्वतःतलं प्रथिन जाळून. म्हणजे काम जास्त तर प्रथिन जास्त, आणि प्रथिन म्हणजे मांस. कष्टकऱ्याला, सैनिकाला मांस हवंच, या समजुतीला आता प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला. लीबिगचं नाव लावून मांसाचा अर्क विकणारी कंपनी १८६५मध्ये उभी राहिली, कारखाना उरुग्वेतल्या फ्राय बेंतोस इथे. त्या अर्कात प्रथिनं जवळपास नव्हतीच, हा त्यातला विनोद.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झुरिकचे दोन प्राध्यापक, आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस, स्वित्झर्लंडमधल्या फाउलहॉर्न या डोंगरावर चढले. चढाई १९५६ मीटरची. चढण्याआधी आणि चढताना त्यांनी प्रथिन नसलेलं अन्न घेतलं, पिष्टाच्या, चरबीत तळलेल्या टिकिया. सगळी लघवी बाटल्यांत भरून ठेवली. लघवीतल्या नायट्रोजनवरून शरीरात किती प्रथिन जळलं याचा हिशेब निघतो. तो निघाला, तेव्हा एवढ्या प्रथिनातून स्वतःचं शरीर वर नेण्याइतकी ऊर्जा मिळणं शक्यच नव्हतं. स्नायू मुख्यतः पिष्ट आणि स्निग्ध पदार्थांवर चालतात, असा याचा अर्थ. इतका स्वस्त, मोहक आणि निर्णायक प्रयोग आहारशास्त्रात क्वचितच झाला असेल. तरी लीबिगची समजूत काही गेली नाही. व्यायामशाळेत ती अजून भेटते.

लीबिगच्या परंपरेतल्या कार्ल फॉइट यानं कष्ट करणाऱ्या पुरुषाला रोज ११८ ग्रॅम प्रथिन लागतं असं ठरवलं. कसं? तर कामगार प्रत्यक्षात किती खातात ते पाहून. खातात तेवढं लागतं, हे गृहीत धरूनच. येल विद्यापीठातल्या रसेल चिटेंडननं हे उलटं तपासलं. त्यानं स्वतःचं प्रथिन फॉइटच्या आकड्याच्या निम्म्याहून खाली आणलं, मग सहकारी प्राध्यापक, सैनिक आणि विद्यापीठातले खेळाडू यांना काही महिने तसंच ठेवलं आणि १९०४मध्ये निष्कर्ष छापले. ताकद घटली नव्हती, खेळाडूंची तर वाढली होती. आज प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅमची शिफारस असते. ७० किलोच्या माणसाला ५६ ग्रॅम, म्हणजे चिटेंडनच्या आकड्यांच्या जवळपास. अर्थात चिटेंडनचे लोक शाकाहारी नव्हते, मांस कमी खाणारे होते. प्रचारकांनी हा फरक सोयीनं गिळला.

पहिल्या महायुद्धानं एक नकोसा प्रयोग घडवून आणला. नाकेबंदीत डेन्मार्कची धान्याची आयात थांबली. मिकेल हिंडहेडे या डॉक्टरच्या सल्ल्यानं डुकरं मोठ्या प्रमाणावर कापून टाकली गेली आणि त्यांच्या तोंडचं धान्य माणसांकडे वळवलं. लोक भरड पाव, बटाटे आणि भाज्यांवर आले. कोपनहेगनमधला मृत्युदर १९१७-१८ या वर्षात ३४ टक्क्यांनी घटला, असं हिंडहेडेनं १९२०मध्ये लिहिलं. आकडा आजही शाकाहाराच्या बाजूनं फेकला जातो. त्याच वर्षात डेन्मार्कमध्ये दारूही दुर्मीळ आणि भयंकर महाग झाली होती, ते सांगायचं राहून जातं.

दुसऱ्या बाजूचा आवडता दाखला १९२८चा. आर्क्टिकमध्ये इन्युइट लोकांबरोबर राहिलेला संशोधक विल्यालमुर स्टेफनसन आणि त्याचा सोबती कार्स्टेन अँडरसन हे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या देखरेखीखाली वर्षभर केवळ मांस आणि चरबीवर राहिले. स्कर्व्ही झाला नाही, मूत्रपिंडं बिघडली नाहीत. मात्र सुरुवातीला स्टेफनसनला चरबी काढलेलं मांस दिलं तेव्हा तो आजारी पडला, चरबी वाढवल्यावर सावरला. पैसे अमेरिकेतल्या मांस-व्यावसायिकांच्या संघटनेनं पुरवले होते. मोजणी प्रामाणिक होती, यात शंका घेण्याचं कारण नाही. पण २ माणसं आणि १ वर्ष. रक्तवाहिन्या खराब व्हायला दशकं लागतात.

आता शाकाहाराला खरा हादरा कुठून बसला ते पाहू. 'घातक रक्तक्षय' हा आजार नावाप्रमाणेच जीव घ्यायचा. १९२६मध्ये बोस्टनच्या मायनट आणि मर्फी यांनी दाखवलं की रोज भरपूर यकृत खायला घातलं तर रोगी जगतात. १९३४मध्ये त्यांना आणि व्हिपल यांना नोबेल मिळालं. यकृतात काय आहे ते शोधायला मात्र आणखी बरीच वर्षं गेली. १९४८मध्ये अमेरिका आणि ब्रिटन अशा दोन्ही ठिकाणी लाल स्फटिक हाती आले, त्यांचं नाव ठेवलं बी-१२. आणि नेमकं याच्या ४ वर्षं आधी, नोव्हेंबर १९४४मध्ये, डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रांनी इंग्लंडमध्ये दूध आणि अंडीही वर्ज्य करणाऱ्यांची संघटना काढून 'वीगन' हा शब्द जन्माला घातला होता. वनस्पतींत न मिळणारं हे बी-१२ जीवनसत्त्व ठाऊक नसताना ही माणसं ते नसलेला आहार घेऊ लागली होती.

त्यांना लगेच काही झालं नाही, आणि तिथेच फसगत होती. बी-१२चा साठा यकृतात असतो आणि तो काही वर्षं पुरतो. १९५०च्या दशकात ब्रिटनमधल्या काही वीगन मंडळींच्या जिभा सोलवटू लागल्या, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. त्यात आणखी एक मेख आहे. पालेभाज्यांत फोलेट हे दुसरं एक ब जीवनसत्त्व भरपूर असतं, त्यामुळे रक्त ठीक दिसतं आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. मांसाहाराच्या समर्थकांना यात 'निसर्गाचा पुरावा' दिसतो. पण प्राणीही हे जीवनसत्त्व तयार करत नाहीत, ते करतात जिवाणू. आज गोळीत मिळणारं बी-१२ टाक्यांत जिवाणू वाढवूनच काढतात. त्यामुळे आक्षेप खरा आहे आणि तो एका गोळीनं मिटतो, ही दोन्ही विधानं एकाच वेळी बरोबर आहेत. वाद घालणारे सहसा यातलं एकच लक्षात ठेवतात.

प्रथिनांबाबतही अशीच एक माघार आहे. १९७१च्या एका खपाच्या अमेरिकन पुस्तकानं सांगितलं की, धान्य आणि डाळी एकाच जेवणात नेमक्या जुळवल्या नाहीत तर वनस्पतींचं प्रथिन अपुरं पडतं. १० वर्षांनी नव्या आवृत्तीत लेखिकेनं ते स्वतःच मागे घेतलं: दिवसभरात पुरेसं आणि विविध खाल्लं की झालं. पुस्तकं कपाटात गेली, भीती मागे राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रश्नच बदलला. श्रीमंत देशांत माणसं उपासमारीनं नव्हे, हृदयविकारानं मरू लागली होती. १९४८ला अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या रहिवाशांचा आणि १९५८ला अ‍ॅन्सेल कीज यांचा सात देशांचा अभ्यास सुरू झाला, आणि 'ताकद' हे जुनं माप जाऊन कोलेस्टेरॉल आणि संपृक्त चरबी ही मापं आली. मांसावर पहिल्यांदाच आरोग्याच्या कारणानं गंभीर संशय घेतला गेला.

पण तुलना कोणाशी करायची? पाश्चात्त्य देशांतले शाकाहारी बहुधा सडसडीत, शिकलेले, सिगारेट न ओढणारे. ते जास्त जगले तर श्रेय भाजीला की सिगारेट न ओढण्याला? इथे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट हा ख्रिस्ती पंथ संशोधकांच्या कामी आला. तंबाखू आणि दारू यांना पंथात मज्जाव, पण मांस काही जण खातात, काही नाही. म्हणजे तुलना घरातल्या घरात करता येते. कॅलिफोर्नियातल्या सुमारे ३४,००० जणांना १९७४ ते १९८८ या काळात तपासलं, तेव्हा पंथातले पुरुष इतर कॅलिफोर्नियाकरांपेक्षा ७.३ वर्षं आणि स्त्रिया ४.४ वर्षं जास्त जगतील असा अंदाज निघाला. २००२पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात ७३,००० जणांमध्ये शाकाहाऱ्यांचा मृत्युदर पंथातल्याच मांसाहाऱ्यांपेक्षा १२ टक्के कमी भरला. हे २०१३ला छापलं गेलं. त्याच कोष्टकात सर्वांत चांगला आकडा मांस न खाता मासे खाणाऱ्यांचा होता, १९ टक्के. आणि फायदा पुरुषांत ठळक होता, स्त्रियांत नाही.

ब्रिटनमधल्या ईपिक-ऑक्सफर्ड अभ्यासानं हे चित्र आणखी गढूळ केलं, आणि मला हा सगळ्यांत प्रामाणिक दस्तऐवज वाटतो. तिथे शाकाहारी आणि तशीच राहणी असलेले मांसाहारी यांच्या एकूण मृत्युदरात फरकच दिसला नाही. २०१९च्या निष्कर्षांत शाकाहाऱ्यांना हृदयविकार २२ टक्के कमी, पण पक्षाघात २० टक्के जास्त. टक्के उतरवून माणसांत सांगायचं तर १,००० जणांमागे १० वर्षांत हृदयविकाराचे १० रुग्ण कमी आणि पक्षाघाताचे ३ जास्त. २०२०मध्ये हाडांचा हिशेब आला, तेव्हा वीगन गटात खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मांसाहाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघालं.

मधल्या काळात, ऑक्टोबर २०१५मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे, म्हणून बातम्यांचे मथळे भडकले. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार नाही. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. मूळ धोका १००त ५ असेल तर तो ६च्या आसपास जातो. २०१९ला दुसऱ्या एका तज्ज्ञगटानं जवळपास त्याच माहितीवरून सांगितलं की पुरावा कच्चा आहे, लोकांनी लाल मांस आहे तेवढंच चालू ठेवायला हरकत नाही. शिफारस 'दुबळी' आहे, हेही त्यांनीच लिहिलं होतं. मग त्यांचे पैसे कुठून आले यावर भांडण झालं, ते वेगळंच.

२०१७मध्ये अमेरिकेतल्या २ लाखांहून अधिक परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून वनस्पतींवर भर देणाऱ्या आहाराचेच दोन तुकडे केले गेले. अख्खी धान्यं, फळं, भाज्या, डाळी यांवर भर देणाऱ्यांत हृदयविकार २५ टक्के कमी. मैदा, साखर, गोड पेयं, तळलेले बटाटे यांवर भर देणाऱ्यांत ३२ टक्के जास्त. दोन्ही आहार वनस्पतींचेच.

तुलनेतली अडचण जवळपास पुसून टाकणारा प्रयोग स्टॅनफर्डमध्ये झाला, २०२३मध्ये छापला गेला. एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्या घेतल्या. एकाला वीगन जेवण, दुसऱ्याला मांस असलेलं पण तितकंच निगुतीचं. ८ आठवड्यांत वीगन भावंडांचं एलडीएल, म्हणजे 'वाईट' समजलं जाणारं कोलेस्टेरॉल दुसऱ्यांपेक्षा दर डेसिलिटर रक्तामागे १३.९ मिलिग्रॅमनं जास्त उतरलं. जेवणाचं समाधान मात्र त्यांनी कमी नोंदवलं. वनस्पतींपासून 'मांस' बनवणाऱ्या कंपनीकडून इतर कामासाठी निधी मिळाल्याची कबुली मुख्य संशोधकानं निबंधातच दिली आहे. वीगन भावंडांच्या खाण्यातलं बी-१२ घटलं होतं, रक्तातल्या पातळीत मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. यकृतातला साठा ८ आठवड्यांत संपत नाही.