दहा वर्षांत दहा मीटर चालणारे रानफूल

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात ट्रिलियमचे फूल तोडणे हा गुन्हा आहे, असा समज सर्रास आढळतो. १९३७ पासून हे फूल त्या प्रांताचे मानचिन्ह असले, तरी उद्याने, राखीव वने आणि संरक्षित जाती वगळता तसा सरसकट कायदा नाही. मात्र फुलाबरोबर त्याखालची तीन पाने खुडली गेली, तर रोपाचे त्या वर्षीचे अन्न तयार करण्याचे साधनच संपते.

ट्रिलियम ही प्रजाती, म्हणजे अनेक जातींचा गट, उत्तर अमेरिका, पूर्व आशिया आणि हिमालय येथील जंगलांत वाढते. पाने तीन, निदले (पाकळ्यांखालची हिरवी दले) तीन आणि पाकळ्याही तीन. पूर्व अमेरिकेतील पानगळीच्या वनांत झाडांना पालवी फुटून सावली दाट होण्याआधीच पांढरे ट्रिलियम फुलते, आणि जुनी होत चाललेली पाकळी गुलाबी पडते.

मला सर्वाधिक भुरळ पडते ती त्याच्या बीची. तिच्या एका टोकाला मऊसर, स्निग्ध उपांग असते. त्यातील स्निग्धाम्लांचे प्रमाण मुंग्यांच्या कीटकभक्ष्याशी मिळतेजुळते असल्याने मुंगी बीला शिकार समजून वारुळात ओढत नेते; तेथे अळ्या ते उपांग खातात आणि शाबूत राहिलेली बी वारुळाच्या कचऱ्यात, म्हणजे उत्तम खतात, टाकली जाते. ती रुजताना पहिल्या हिवाळ्यानंतर केवळ मूळ फुटते, दुसऱ्या हिवाळ्यानंतर पान वर येते आणि पहिले फूल यायला सात ते दहा वर्षे लागतात.

मुंगी बीला फार तर दहाएक मीटर नेते, म्हणजे दहा वर्षांच्या एका पिढीमागे दहा मीटर. या गतीने सोळा हजार वर्षांत सोळा किलोमीटरच अंतर कापले जाईल; पण हिमयुग ओसरल्यावर ही वनस्पती शेकडो किलोमीटर उत्तरेकडे सरकली आहे. हा हिशेब जुळत नव्हता. पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या लेंड्यांत रुजण्याजोग्या बिया असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, आणि क्वचित घडणाऱ्या अशा लांब उड्यांनी कोडे बरेचसे उलगडले. तीच हरणे संख्येने वाढली की चरून चरून ट्रिलियमचे ताटवे संपवतात.

हिमालयात, साधारण २,५०० ते ४,००० मीटर उंचीवर, वाढणाऱ्या जातीला नागछत्री म्हणतात. शक्तिवर्धक म्हणून तिच्या भूमिगत खोडाचा जो गाजावाजा होतो, त्यापायी ते बेसुमार खणले जाते. खोड उपटले की रोपच जाते, आणि मुंग्यांनी वाहून न्यावे असे बीही मागे उरत नाही.