पाणी प्यायलं की कांगारू मरतो?

‘पाणी पिताच मरणारा प्राणी कोणता?’ सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत नि व्हॉट्सॲपवर हा प्रश्न फिरतच असतो. उत्तर असतं कांगारू उंदीर. पुढे त्यातला ‘उंदीर’ गळतो आणि बिचारा कांगारू उरतो.

दोन्ही चूक.

कांगारू उंदीर ऑस्ट्रेलियातला नव्हेच. तो पश्चिम अमेरिकेच्या वाळवंटातला, मुठीत मावेल एवढा कुरतडणारा प्राणी. मागच्या लांब पायांवर उड्या मारतो म्हणून हे नाव. सहसा पाणी पीत नाही, एवढं खरं. कोरडं बी पचतानाच शरीरात थोडं पाणी तयार होतं आणि तेवढ्यावर त्याचं भागतं. कारण खर्च नावालाच! दिवसभर दमट बिळात मुक्काम, बाहेर पडायचं रात्री. नाक इतकं थंड की उच्छ्वासातली वाफ आतच पाणी होऊन राहते. लघवी माणसाच्या चौपट दाट.

आणि पाणी प्यायला तर? क्नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने त्यांना प्रथिनांनी भरलेलं सोयाबीन खाऊ घातलं. प्रथिनांपासून शरीरात बनणारा युरिया हा टाकाऊ पदार्थ लघवीवाटे बाहेर टाकायला जास्त पाणी लागू लागलं, तेव्हा हे उंदीर चक्क समुद्राचं खारं पाणी प्यायले आणि तगले.

ऑस्ट्रेलियाचा लाल कांगारू तर सरळ पाणवठ्यावर येऊन पाणी पितो. हिरवा चारा मिळाला तर बरेच दिवस फिरकत नाही, इतकंच. भर दुपारी तो झुडपाच्या सावलीत पडून पुढचे पाय चाटत असतो. तिथे कातडीलगत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. लाळ वाळते, रक्त गार होतं.