पॉवर ट्यूब बदलण्याआधी: ६एल६, ईएल ३४, ईएल ८४ की ६व्ही६?

गिटार ॲम्पच्या पॉवर ट्यूब (सिग्नल स्पीकर हलवण्याइतका मोठा करणाऱ्या काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब) बदलून घ्यायला येणाऱ्या गिटारवादकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: "फेंडरमधल्या ६एल६ काढून ईएल ३४ घातल्या, तर मार्शलसारखा आवाज येईल का?" फेंडर आणि मार्शल हे दोन ॲम्पचे ब्रँड. फरक पडेल, पण फेंडरचा मार्शल होणार नाही. आवाजाचा मोठा वाटा प्रीॲम्प (सिग्नलचा पहिला टप्पा), टोन स्टॅक (बास-ट्रेबलच्या कळांचं सर्किट), आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर उचलतात. पॉवर ट्यूबचा स्वभाव खऱ्या अर्थाने कानावर येतो तो ॲम्प बऱ्यापैकी मोठा केल्यावर, ट्यूबमधूनच आवाज फाटायला, म्हणजे डिस्टॉर्ट व्हायला, लागल्यावर. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये व्हॉल्यूम दोनवर ठेवून वाजवणार असाल, तर तेच पैसे चांगल्या स्पीकरवर घाला. ट्यूबा आम्ही विकतो, तरी आमचा सल्ला हाच राहील.

चौघींचे स्वभाव

६एल६ ही आरसीएने १९३६ मध्ये आणली. आज ॲम्पमध्ये असते ती तिची दणकट आवृत्ती ६एल६जीसी. तिची प्लेट (इलेक्ट्रॉन गोळा करणारा आतला धातूचा पत्रा) ३० वॉट उष्णता सोसते. फेंडर ट्विनमध्ये अशा चार असतात. खर्ज घट्ट, वरची पट्टी मोकळी, मधली पट्टी जरा मागे, आणि आवाज उशिरा फाटतो. सगळा ड्राइव्ह पेडलमधून घेणाऱ्याला हीच सोयीची.

ईएल ३४ ची मर्यादा २५ वॉट. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून मार्शलचा आवाज म्हणून आपण जो ओळखतो, तो बहुतांशी हिच्यावर उभा आहे. ग्रिडवर (सिग्नल येतो ती ट्यूबमधली जाळी) कमी सिग्नल आला तरी ही पूर्ण भरते, मधली पट्टी पुढे आणते, आणि ड्रम व बास दोन्ही जोरात असतानाही लीड वर निघते. एकट्याने घरी ऐकताना मात्र तीच कधी कधी कर्कश वाटते. म्हणून निवड शक्यतो बँडसोबत वाजवूनच करा.

ईएल ८४ छोटी, नऊ पिनांची, १२ वॉटची. जुने रेडिओ दुरुस्त करणारी मंडळी हिला व्हॉल्व्ह म्हणून ओळखतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही ती बनवली आहे. व्हॉक्स एसी१५ मध्ये दोन, एसी३० मध्ये चार. मोकळ्या तारांवर किणकिणते, जोरात स्ट्रोक मारला की लगेच दाटते. या ॲम्पांमध्ये ती क्षमतेच्या अगदी काठावर तापत चालते, त्यामुळे झिजतेही लवकर.

६व्ही६जीटी १४ वॉटची. फेंडरच्या डिलक्स रिव्हर्बमध्ये दोन, चॅम्पमध्ये एकच. लवकर आणि मऊ फाटते. ब्लूज वाजवणाऱ्यांना आम्ही आधी हीच ऐकवतो. केटी ८८ ची मर्यादा ४२ वॉट. ती मुख्यतः बास ॲम्प आणि फार मोठ्या आवाजाच्या हेडसाठी (स्पीकर वेगळा असलेले ॲम्प).

ॲम्पच्या आउटपुट वॉटबद्दल एक गैरसमज आहे. ५० वॉटचे १०० झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. वाढ फक्त ३ डेसिबलची असते. पुण्यातल्या बहुतेक कॅफेंना आणि सराव-खोल्यांना १५ ते २० वॉट पुरून उरतात.

सॉकेट सारखं, आतली जोडणी वेगळी

६एल६, ६व्ही६, ईएल ३४ आणि केटी ८८ चौघी आठ पिनांच्या एकाच सॉकेटात बसतात. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

ईएल ३४ मध्ये पहिल्या पिनवर सप्रेसर ग्रिड असते आणि ती आठव्या पिनला, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडला, जोडलेली लागते. ६एल६ मध्ये पहिली पिन वापरातच नसते. म्हणून फेंडरच्या बऱ्याच मॉडेलांत त्या रिकाम्या पिनचा खुंटीसारखा उपयोग केलेला दिसतो: १५०० ओहमचा रेझिस्टर पहिल्या पिनवरून पाचवीवरच्या ग्रिडकडे जातो. पहिली पिन आठवीला जोडायची असं कुठेतरी वाचून कोणी तशीच तार टाकली, की बायसचं, म्हणजे ट्यूबचा करंट आवरण्यासाठी ग्रिडला दिलेलं, निगेटिव्ह व्होल्टेज थेट ग्राउंडला जातं. ट्यूब बेलगाम करंट ओढते आणि काही सेकंदांत प्लेट लालबुंद होते. आधी रेझिस्टर हलवायचा, मगच तार.

दुसरी गोष्ट हीटरची, म्हणजे ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेची. ६.३ व्होल्टवर ६व्ही६ ला ०.४५, ६एल६ ला ०.९, ईएल ३४ ला १.५ आणि केटी ८८ ला १.६ अँपिअर लागतात. चार ६एल६ मिळून ३.६ अँपिअर घेतात, चार ईएल ३४ सहा. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेवढी ताकद नसेल तर तो पहिल्या दिवशी जळत नाही. तासभराच्या कार्यक्रमात हात ठेवता येणार नाही इतका तापतो आणि काही महिन्यांत इन्सुलेशन सोडतो.

तिसरी गोष्ट बायस. ४५० व्होल्टच्या आसपास ईएल ३४ ला साधारण उणे ३५ ते ४० व्होल्ट लागतात, ६एल६ ला उणे ४५ ते ५२. ईएल ३४ च्या बायसवर ६एल६ लावली तर ती गरजेपेक्षा जास्त करंट घेते. उलट केलं तर ट्यूब थंड चालते, आवाज पातळ आणि खरखरीत होतो. ट्विनमध्ये ६व्ही६ मात्र कधीच घालू नका; तिथलं व्होल्टेज आणि लोड दोन्ही तिला झेपत नाहीत.

बायस कसा काढतात

फिक्स्ड बायसच्या (ग्रिडला वेगळं निगेटिव्ह व्होल्टेज देणाऱ्या) ॲम्पमध्ये ट्यूब सिग्नलशिवाय नुसती चालू असताना मर्यादेच्या ७० टक्क्यांवर जाऊ नये. ईएल ३४ साठी २५ चे ७० टक्के म्हणजे १७.५ वॉट, प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर कमाल ३९ मिलिअँपिअर. ६एल६जीसी साठी २१ वॉट, म्हणजे त्याच व्होल्टेजला ४६ ते ४७. हा आकडा वरची सीमा समजा. ६० ते ६५ टक्क्यांवर आवाज तितकाच भरलेला राहतो आणि ट्यूब जास्त टिकते.

कॅथोड आणि ग्राउंडमध्ये १ ओहमचा रेझिस्टर टाकला की मल्टीमीटरवर जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलिअँपिअर. असा रेझिस्टर तापकीर गल्लीत सहज मिळतो. एक टक्का अचूकतेचा मागा. स्पीकर जोडलेला, व्हॉल्यूम शून्यावर, ॲम्प पंधरा-वीस मिनिटं तापलेला, मग मोजणी. करंट वाढवला की प्लेटचं व्होल्टेज थोडं उतरतं, म्हणून दोन्ही पुन्हा मोजून गणित पुन्हा करायचं. जोडीतल्या दोन ट्यूबांत तीन-चार मिलिअँपिअरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर स्पीकरमध्ये घरघर ऐकू येते.

हे काम घरी करण्याआधी एक लक्षात घ्या: प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. तो उतरवून, मीटरने खात्री करून मगच आत हात घालावा. सवय नसेल तर ॲम्प आमच्याकडे आणा.

आपल्याकडची वीज

ट्रान्सफॉर्मरचा टॅप (येणाऱ्या विजेनुसार निवडायची जोडणी) २२० व्होल्टवर असलेला ॲम्प रात्री २४५ व्होल्ट येणाऱ्या घरात लावला, तर हीटरला ६.३ ऐवजी ७ व्होल्ट मिळतात आणि प्लेटचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतं. ट्यूब वर्षानुवर्षं टिकण्याऐवजी अकाली का जाते, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. आपल्या सॉकेटातलं व्होल्टेज सकाळी आणि रात्री मोजून आणा. आम्ही टॅप त्याप्रमाणे लावतो. गणपतीच्या मांडवात जनरेटरवर वाजवणार असाल तर ॲम्प लावण्याआधी प्लगवर मीटर धरायला कंटाळू नका.

काय दिसलं की थांबायचं

काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती चांगल्या ट्यूबमध्येही असते. प्लेटच्या आत जांभळट-गुलाबी धग दिसली तर ट्यूबमध्ये गॅस आहे. काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडला म्हणजे हवा शिरली. ती ट्यूब संपली.

प्लेट लाल दिसली की लगेच बंद करा. नवी ट्यूब घालून पुन्हा चालू करून पाहणं ही सर्वांत महागडी चूक. ट्यूब दुसऱ्या जागी लावली आणि लाली तिच्यामागे गेली, तर दोष ट्यूबचा. लाली त्याच सॉकेटात राहिली, तर गळका कपलिंग कपॅसिटर, सैल झालेली पाचवी पिन किंवा उडालेला बायस शोधावा लागतो. पावसाळ्यात पिना काळवंडतात, तेव्हा पाचवीचा संपर्क सुटणं हेच आधी तपासतो.

स्पीकर न जोडता ॲम्प कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटं व्होल्टेज उसळतं, सॉकेटवर दुसऱ्या-तिसऱ्या पिनांमध्ये ठिणगी पडते, आणि तिथे जी काळी रेघ उमटते ती पुसली तरी पुढे वीज वाहत राहते. असं सॉकेट बदलावंच लागतं.

दुरुस्तीला येताना काढलेल्या जुन्या ट्यूबाही सोबत आणा, कुठली कुठल्या सॉकेटात होती ते चिकटपट्टीवर लिहून.