डीव्हीचा अर्ज: बाईला कशापायी परत पाठवतात आणि खरं काय लागतं

बचत गटाच्या ताया, आशा, अंगणवाडीताई, हे मेन तुमच्यासाठीच, कारण बाई कोर्टाआधी तुमच्या दारात येते. घरगुती हिंसाचाराच्या (डीव्ही म्हणतात तो) २००५ च्या कायद्यात कलम ४ आहे, त्यात संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्यासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला, माहिती कुणीही देऊ शकतं, बाईनंच गेलं पाहिजे असं नाही, आणि चांगल्या हेतूनं माहिती दिली तर तुमच्यावर काही येत नाही. "आपण कशाला मधी पडायचं" म्हणणाऱ्याला हे वाचून दाखवा.

अर्ज बायकोच नाही तर आई, बहीण, विधवा सून, लग्नासारखी एकत्र राहिलेली बाई पण करू शकते. मारहाणच झालेली पाहिजे असंही नाही, शिवीगाळ, खर्चाला पैसे न देणं, घराबाहेर काढणं हे सगळं त्यात बसतं. अर्ज मॅजिस्ट्रेटकडं. वकील विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो, तिथं कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला तर सरळ सांगा की बायांना उत्पन्नाची अटच नाही.

आता गाडी कुठं अडते ते. पहिलं, लग्नाचं सर्टिफिकेट. मांडवात अक्षता पडल्या की आपल्याकडं लग्न झालं, नोंदणी कोण करतंय? पत्रिका, फोटो, रेशनकार्डावरचं नाव, लेकराचा जन्मदाखला, जे हाताला लागंल ते लावा. दुसरं, "आधी डीआयआर आणा" म्हणजे संरक्षण अधिकाऱ्याचा घटना अहवाल. असला तर केस पक्की होते, पण तो नाही म्हणून अर्ज थांबत नाही, सुप्रीम कोर्टानं २०२२ लाच सांगितलंय, तरी बाया महिनोन् महिने त्या अहवालाची वाट बघत बसतात, चीड येते खरंच. तिसरं, "वर्ष उलटलं, आता केस बसत नाही." तेही चूक, एक वर्षाची ती मुदत ऑर्डर मोडल्याच्या गुन्ह्याला आहे, पहिल्या अर्जाला नाही, हेही २०२२ चंच.

बीड-धाराशिवकडं सगळ्यात जास्त घोळ पत्त्याचा. दसऱ्यानंतर नवरा कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातो, नोटीस गावच्या पत्त्यावर जाते आणि "मिळून आला नाही" म्हणून परत येते, मग तारीख पे तारीख. म्हणून अर्जात कारखान्याचं नाव, मुकादमाचं नाव, मोबाईल नंबर, कोपी (ऊसतोडीवरची झोपडी) कुठल्या गावाच्या शिवारात आहे, सगळं लिहा. बाई माहेरी आली असंल तर माहेरच्या तालुक्यातही अर्ज चालतो, तात्पुरतं राहणं पुरतं.

"नेहमी छळ करतात" एवढंच लिहू नका. तारीख आठवत नसली तर विचारायचं, येळवशीच्या (वेळा अमावास्येच्या) आधी का नंतर, पोळ्याला का, आणि कॅलेंडर उघडून तारीख काढायची. दवाखान्याचा कागद असला तर जोडा.

कायद्यात तीन दिवस लिहिलेत असं ऐकून बऱ्याच जणींना वाटतं तीन दिवसात निकाल. तीन दिवसात साधारण पहिली तारीख पडायला पाहिजे, आणि तिथून साठ दिवसात निकालाचा प्रयत्न करायचा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. म्हणून त्याच अर्जासोबत कलम २३ खाली अंतरिम आदेश मागा, फॉर्म ३ चं प्रतिज्ञापत्र लावून. हे राहिलं तर बाई निकालापर्यंत रिकाम्या हाती. पोटगी मागायची असंल तर स्वतःच्या कमाईचं प्रतिज्ञापत्रही लागतं, त्यात रोजानं जात असताना "काही कमाई नाही" लिहू नका, समोरचा वकील तेच धरतो.

तंटामुक्तीवाले मिटवून घ्या म्हणतील, घ्यायचं का नाही ते बाईनं ठरवायचं, पण कोऱ्या कागदावर सही-अंगठा अजिबात नाही.

ऑर्डरची प्रत कोर्टातून फुकट मिळते, तिचा फोटो दोघी-तिघींच्या मोबाईलमध्ये ठेवा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, तेव्हा ठाण्यात एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) भागवायला लागले तर ऑर्डर पुढं ठेवा आणि एफआयआरच मागा.