आर्क्टिकमधील सूक्ष्मप्लास्टिक आणि इन्युइट समाज

सूक्ष्मप्लास्टिक म्हणजे 5 मिलिमीटरपेक्षा लहान असलेले प्लास्टिकचे कण व तंतू. आर्क्टिक महासागराचे पाणी, बर्फ आणि तळाचा गाळ या सगळ्यांत ते सापडतात. मासेमारीची जाळी, जहाजे आणि किनाऱ्यावरच्या वस्त्या यांचा त्यात वाटा असला, तरी बरेचसे प्लास्टिक अटलांटिकचे प्रवाह आणि वारे दूरवरून आणतात. पाणी गोठताना कण बर्फात अडकतात आणि बर्फ वितळला की पुन्हा मोकळे होतात. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सागरी बर्फात लिटरमागे 12,000 पर्यंत कण आढळले. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर ध्रुवापर्यंतच्या पाण्यातले 92 टक्के कृत्रिम कण तंतू निघाले. त्यांत पॉलिएस्टर सर्वाधिक होते. कपडे धुतल्यावर सांडपाण्यातून वाहून जाणारे धागे हा त्याचा एक मुख्य उगम मानला जातो.

ग्रीनलँड, कॅनडा, अलास्का आणि रशियातील चुकोत्का येथे मिळून सुमारे 1,80,000 इन्युइट, म्हणजे आर्क्टिकचे मूळ रहिवासी, राहतात. शेती जवळजवळ अशक्य असलेल्या या प्रदेशात सील, देवमासे आणि मासे हेच त्यांचे मूळ अन्न. मुक्तुक, म्हणजे देवमाशाची चरबीसह कातडी, क जीवनसत्त्वही पुरवते. दुकानातला माल विमानाने किंवा उन्हाळ्यात जहाजाने येतो आणि फार महाग पडतो. शिकारीचे मांस घरोघर वाटून खाण्याची रीत आजही टिकून आहे. त्यामुळे या अन्नावरचा विश्वास डळमळला, तर आरोग्याबरोबर नातीही दुखावतात.

कॅनडातील तुक्तोयाक्तुकच्या शिकाऱ्यांच्या मदतीने तपासलेल्या सातही बेलुगा देवमाशांच्या पचनमार्गात सूक्ष्मप्लास्टिक आढळले (2020). याउलट उत्तर कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातील सीलांच्या जठरांत तुलनेने मोठे कण शोधले असता ते मिळाले नाहीत. म्हणून सरसकट ‘शिकार खाऊ नका’ असे सांगणे घाईचे आणि अन्यायाचे आहे.

दूरचे प्रदूषण आपल्या अन्नात येण्याचा हा अनुभव इन्युइटांना नवा नाही. 1980च्या दशकात उत्तर क्यूबेकच्या नुनाविक भागातील इन्युइट मातांच्या दुधात पीसीबी या औद्योगिक रसायनांचे प्रमाण दक्षिण क्यूबेकमधील मातांपेक्षा कितीतरी जास्त आढळले होते. शीला वॉट-क्लुटिए यांच्यासारख्या इन्युइट नेत्यांनी ती बाजू जोरकसपणे मांडली. पीसीबीसारख्या रसायनांना आळा घालणाऱ्या 2001च्या स्टॉकहोम करारात आर्क्टिकमधील आदिवासी समाजांचा उल्लेख आला. 1977 साली स्थापन झालेली इन्युइटांची आंतरराष्ट्रीय संघटना, इन्युइट सर्कमपोलर कौन्सिल, आता जागतिक प्लास्टिक कराराच्या वाटाघाटींत उतरली आहे. प्लास्टिकचे उत्पादनच आटोक्यात आणावे की केवळ कचऱ्याची विल्हेवाट सुधारावी, यावर मोठे मतभेद राहिले आणि ऑगस्ट 2025मधील जिनिव्हाची फेरी कराराविनाच संपली.