कामाजवळचा दिवा भिंतीवर कसा गेला

आपल्याकडच्या असंख्य घरांत आजही स्वयंपाक करणारी व्यक्ती स्वतःच्याच सावलीत भाजी चिरते. ओटा समोर खिडकीखाली आणि ट्यूब पाठीमागच्या भिंतीवर, दाराच्या वर. दिवसा खिडकी सांभाळून घेते, पण संध्याकाळी सातनंतर सुरी नेमकी कुठे पडते आहे ते अंदाजानेच ठरतं. खोलीत उजेड नसतो असं नाही, तो चुकीच्या जागी असतो. ही जागा कशी ठरत गेली, हे पाहिलं तर घरातल्या उजेडाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा प्रवास उलगडतो.

वीज येण्याआधी दिवा माणसाबरोबर फिरत असे. कोकणातल्या घरात माजघर भरदुपारीही अंधारं, म्हणून छपरात मध्येच एखादं काचेचं कौल बसवत. देशावरच्या वाड्यात चौकातून येणारा उजेड भोवतीच्या सोप्यापर्यंत पोचे, आतल्या खोल्यांना त्यातला थोडाच मिळे. दिवाळीआधी भिंतींना चुन्याची सफेदी होई आणि त्याच दिव्यात खोली उजळ वाटू लागे. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला बराचसा परत फेकते, चुलीच्या धुराने काळवंडलेली भिंत तो गिळते. रात्री कोनाड्यात पणती किंवा रॉकेलची चिमणी असे, चुलीशी स्वयंपाक चालला की ती तिथे येई, मुलं अभ्यासाला बसली की कंदील त्यांच्या मधोमध. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यातला ‘प्रभाकर’ कंदील तर महाराष्ट्रात घरोघरी पोचला होता. त्या उजेडाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तो तोकडा होता, धुराचा होता, डोळ्यांना शिणवणारा होता. पण कमी उजेडात काम भागवायचं तर दिवा कामाजवळ हवा, एवढं प्रत्येक घराला ठाऊक होतं.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ साली विजेचे दिवे लागले. पुढे १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही कंपनी आली आणि शहरातल्या वीजपुरवठ्याची घडी बसू लागली. १९१५ पासून खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातली वीज मुंबईला मिळू लागली. राज्याच्या मोठ्या भागात मात्र घराघरात तार पोचली ती १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर, आणि तीही टप्प्याटप्प्याने. वायरिंग महाग, मजुरी पॉइंटवर. त्यामुळे ‘एका खोलीला एक लाइट पॉइंट’ हा हिशेब पक्का झाला. लाकडी पट्टीवरून गेलेली वायर, छताच्या मधोमध लोंबणारा होल्डर, दाराशी काळं बटण. दिव्याची जागा आता वायरमनच्या सोयीने ठरू लागली. कंदिलाच्या मानाने चाळीस वॅटचा बल्बसुद्धा इतका लख्ख, की जागेबद्दल तक्रार करण्याचं कुणाला सुचलंही नसेल.

ट्यूबलाइटने या सवयीवर शिक्कामोर्तब केलं. अमेरिकेत १९३८ मध्ये बाजारात आलेला हा दिवा आपल्या मध्यमवर्गीय घरांत खूप नंतर रुळला, पण रुळला तो कायमचा. साध्या बल्बमध्ये दहातली नऊ हिस्से वीज उष्णतेत जाते. चार फुटी ट्यूब चाळीस वॅटमध्ये, चोकचे (ट्यूब पेटवून तिची वीज आवरणाऱ्या डबीचे) दहा-बारा वॅट धरूनही, शंभर वॅटच्या बल्बपेक्षा जास्त प्रकाश देई. एका ट्यूबमध्ये अख्खी खोली उजळते म्हटल्यावर दुसरा दिवा हा चैनीचा विषय झाला. टेबललॅम्प दहावी-बारावीच्या वर्षी यायचा, तोही सगळ्या घरांत नाही.

वीज वाचवण्याचा विचार सरकारी पातळीवर आला तोही दिवा बदलण्याच्या अंगाने. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, २००९ मध्ये पंधरा रुपयांत सीएफएल, म्हणजे बल्बच्या होल्डरमध्ये बसणारी छोटी ट्यूब, देणारी बचत लॅम्प योजना. त्याच सुमारास महाराष्ट्र भारनियमनाने हैराण होता. ज्यांना परवडे त्यांनी इन्व्हर्टर घेतला आणि तो जास्त वेळ टिकावा म्हणून सीएफएल लावले. मग एलईडी आला. निळा एलईडी साधला नसता तर पांढरा प्रकाश देणारा दिवा झालाच नसता. त्या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. २०१५ च्या जानेवारीत स्वस्तात एलईडी बल्ब देणारी केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. घाऊक खरेदीमुळे सरकारी कंपनीला पडणारी एका बल्बची किंमत २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर उतरली. छत्तीस कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. साठ वॅटचं काम नऊ वॅटमध्ये होऊ लागलं. ही कामगिरी खरोखर मोठी आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच आहे.

पण नवा बल्ब लागला जुन्याच होल्डरमध्ये. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत घरासाठी उजेडाची पातळी लक्समध्ये, म्हणजे कामाच्या जागेवर किती उजेड पडतो त्या मापात, दिली आहे: जिन्याला १०० लक्स, स्वयंपाकघराला २००, सलग अभ्यासाला ३००, शिवणकामाला ७००. दहा बाय बाराच्या खोलीत एक ट्यूब टेबलापर्यंत साधारण १०० लक्स पोचवते. ३०० हवे असतील तर तीन ट्यूब लावा, किंवा वहीपासून दीड-दोन फुटांवर पाच वॅटचा एक दिवा ठेवा. अंतर निम्मं केलं की छोट्या दिव्याचा उजेड चौपट होतो, या भौतिकशास्त्राच्या नियमावर कंदील चालत होता आणि टेबललॅम्पही चालतो. ओट्यावरच्या कपाटाखाली दोन फुटी एलईडी पट्टी लावली की हेच साधतं, त्याला मिक्सरचा प्लग पॉइंट पुरतो.

दिवे स्वस्त झाल्यावर मात्र हौस छताकडे वळली. पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये सात वॅटचे बारा दिवे बसवले की ८४ वॅट झाले, म्हणजे चोकसकट जुन्या ट्यूबपेक्षा जास्त. शिवाय सगळे एकाच बटणावर असतील तर कुणी पेपर वाचत बसलं तरी बाराही जळतात. मला हे फार खटकतं. दोन-तीन गटांची वेगळी बटणं द्यायला वायर थोडीच जास्त लागते.

नव्या इमारतींत ही संधी लवकर हातची जाते. छतातल्या पॉइंटचे पाइप स्लॅब ओतण्याआधीच पडतात आणि पलंग, टेबल, कपाट कुठे येणार हे ठरायच्या कितीतरी आधी दिव्यांच्या जागा ठरून जातात. फ्लॅट बुक करताना आपण चटईक्षेत्र विचारतो, पार्किंग विचारतो. विजेच्या पॉइंटचा नकाशाही तेव्हाच मागून घ्यावा आणि घरात कोण कुठे बसून काय काम करतं ते त्यावर पेन्सिलने लिहून परत द्यावा.